काटा नावाचा फोल्डर

(सोनई. घराची मागची खोली. दुपारचे एक पंचवीस. राजनंदिनी कॉम्प्युटरसमोर, तिचे वडील कल्याण दारात. हर्षल राहुरीहून फोनच्या स्पीकरवर.)

हर्षल : परत उडालीस, नंदू. ऐन मोक्याला.

राजनंदिनी : मी नाही उडाले, गेम आपोआप बंद पडली. मेमरी कमी आहे म्हणून लिहून येतंय. अरे, गेल्या रविवारी सेमीफायनल याच मशीनवर खेळले ना मी!

हर्षल : सरावात दोनदा झालं हे. दोन वाजता फायनल आहे. तिथं उडालीस तर आम्ही चौघांनी पाच जणांशी खेळायचं का?

राजनंदिनी : मग काय करू, सांग ना.

हर्षल : दोनला दहा कमी असताना मला नावं द्यायचीत. तोवर तुझी गेम टिकली तर तू, नाहीतर मनवा. ती तयार बसलीये. कॅप्टन म्हणून सांगतोय, राग मानू नकोस.

राजनंदिनी : राग येणारच. पाच महिने मी खेळायचं आणि फायनलला ती!

कल्याण : नंदू, घोटभर पानी तरी पी. तोंड बघ कसं उतरलंय.

राजनंदिनी : अप्पा, आत्ता नको. प्लीज. दार लावून घ्या बाहेरनं.

कल्याण : लावतो. हितंच हाय मी, काय लागलं तर.

हर्षल : नंदू, ऐक. तुझी रॅम आठच जीबीची. ती भरली की विंडोज उरलेलं सामान डिस्कवरच्या एका फाइलीत ठेवते. ओट्यावर जागा उरली नाही की आपण भांडी खाली ठेवतो ना, तसं. व्हर्च्युअल मेमरी म्हणतात तिला. तिची सेटिंग बघ. सिस्टिम, अ‍ॅडव्हान्स्ड, परफॉर्मन्स. परत अ‍ॅडव्हान्स्ड. खाली 'चेंज' आहे.

राजनंदिनी : उघडलं. इथं 'नो पेजिंग फाइल'वर टिंब आहे.

हर्षल : काय? हे आपोआप होत नाही. कुणीतरी मुद्दाम बंद केलंय. कुणी हात लावला मशीनला?

राजनंदिनी : घरात कोण लावणार? आई माउसला झुरळागत लांबून बघते. अप्पांना तर यातलं ओ की ठो कळत नाही.

हर्षल : अप्पा आहेत का तिथं? नमस्कार, काका.

कल्याण : नमस्कार, नमस्कार. मी आपला दाराशी उभा हाय.

हर्षल : बरं, ते नंतर बघू. 'कस्टम साइज'वर टिंब दे. दोन्ही चौकोनांत सोळा हजार टाक, म्हणजे सोळा जीबी. ओके कर आणि मशीन रीस्टार्ट कर.

राजनंदिनी : टाकलं. ओके. रीस्टार्ट करते. अप्पा, अजून उभेच का? जा ना. कुणी मागं उभं असलं की मला सुचत नाही, माहितीये तुम्हाला.

कल्याण : जातो की. पर नंदू...

राजनंदिनी : काय?

कल्याण : न्हाई, काय न्हाई. हूं दे तुझं.

हर्षल : एक पस्तीस झाले. चालू झालं का?

राजनंदिनी : झालं. गेम उघडतीये. नकाशा येतोय... आला... गेली! हर्षल, गेली परत! तेच लिहून आलं.

हर्षल : अरे देवा. सोळा हजार नीट टाकलं होतंस?

राजनंदिनी : टाकलं होतं रे. आता बघते तर टिंब परत 'नो'वरच. घेतच नाहीये.

हर्षल : मग काहीतरी मोठं बिघडलंय. नंदू, मी मनवाला सांगतो. दहा-बारा मिनिटांत नाही होणार हे.

राजनंदिनी : पाच मिनिटं दे. फक्त पाच.

कल्याण : आगं, तू 'सेट' दाबलंच न्हाई.

राजनंदिनी : काय?

कल्याण : आकडा टाकला की बाजूचं 'सेट' दाबावं लागतं. मग ओके. 'सेट' दाबल्याबिगर घेत न्हाई ते.

हर्षल : बरोबर आहे काका! माझ्याच डोक्यातनं निसटलं. नंदू, दाब 'सेट'.

राजनंदिनी : अप्पा, तुम्हाला कसं माहीत?

कल्याण : आधी दाब. येळ जातोय.

राजनंदिनी : तुम्हाला कसं माहीत, अप्पा?

कल्याण : मीच बंद केल्तं. मंगळवारी, तू कॉलेजला गेल्ती तवा.

राजनंदिनी : तुम्ही? माझ्या मशीनला? आणि केव्हाची मी इथं रडकुंडीला आलेय आणि तुम्ही दारात नुसते उभे?

कल्याण : तोंड उघडंना माझं. तू म्हनशील, कशाला हात लावला...

राजनंदिनी : म्हणणारच! कशाला लावलात?

कल्याण : आमच्या कारखान्यात वजनकाट्याला जुनं कॉम्प्युटर हाय. उसाच्या गाड्यांच्या पावत्या निघत्यात त्याच्यावर. डिस्क भरली की दुरुस्तीवाला येतो अन् हेच बंद करतो. मोठी फाइल निघून जाते, जागा हुती. चार हंगाम बघतोय मी. मला वाटलं, हितं बी चालंल.

राजनंदिनी : पावत्या छापायच्या मशीनवर चालतं ते! हा गेमचा कॉम्प्युटर आहे, अप्पा! गेली माझी फायनल, कळतंय का तुम्हाला?

हर्षल : नंदू, भांडण नंतर. 'सेट' दाबलंस का?

राजनंदिनी : दाबलं. आता म्हणतंय, डिस्कवर जागा नाही. तीनच जीबी मोकळी आहे.

हर्षल : तीनमध्ये भागणार नाही. वीस तरी मोकळी कर. दुसरी गेम काढ ना एखादी.

राजनंदिनी : हीच एक आहे. बाकी कॉलेजचा प्रोजेक्ट. एकच तर डिस्क आहे... थांब, हे काय? 'काटा' नावाचा फोल्डर. बावीस जीबी! अप्पा, कारखान्याचं सामान इथं आणून ठेवलंय तुम्ही?

कल्याण : व्हय. ते उडव. काय कामाचं न्हाई.

हर्षल : शिफ्ट धरून डिलीट कर. नुसतं केलंस तर कचऱ्याच्या डब्यात पडून राहतं, जागा सुटत नाही. पण एकदा गेलं की गेलं, परत मिळणार नाही.

राजनंदिनी : एकदा बघून घेते.

कल्याण : उघडू नको, नंदू. उडव म्हनलं ना.

राजनंदिनी : तुमच्या पावत्या असल्या तर साहेब तुम्हालाच... अप्पा.

हर्षल : काय आहे?

राजनंदिनी : मॅचेस आहेत. माझ्या. नोव्हेंबरपासूनच्या सगळ्या. ही पहिली, सात-शून्यनं हरलो होतो ती. गेल्या रविवारची सेमीफायनलसुद्धा.

हर्षल : स्पर्धेवाले चार दिवसांत चॅनलवरनं काढून टाकतात त्या. माझ्याकडंसुद्धा नाहीत.

कल्याण : म्हनूनच उतरवून घेतल्या. काट्यावर नेट न्हाई. पेनड्राइव्हवर एक-एक नेतो. गाड्या थांबल्या की बघतो. सेमीफायनलला जागाच उरली न्हवती. तुझं काय उडवायचं जिवावर आलं, म्हनून ती फाइल बंद केली.

राजनंदिनी : मला विचारायचं तरी!

कल्याण : काय इचारू? मागं एकदा च्या घेऊन आल्तो, तू खेळत हुती. म्हनलं, डाव्या अंगानं येतोय बघ एक. तू म्हनलीस, तुम्हाला यातलं काय कळतंय, बाहेर जा. ते खरंच हुतं. मग म्हनलं, शिकून घ्यावं आधी.

राजनंदिनी : अप्पा...

कल्याण : राग न्हाई गं. पर पोटच्या पोरीचा खेळ चोरून बघावा लागतो, ह्ये बरं वाटत न्हाई बापाला.

हर्षल : काका, नंदू... एक चव्वेचाळीस.

राजनंदिनी : मी नाही उडवणार हे. मनवाचं नाव दे, हर्षल.

कल्याण : सरक बाजूला. हे शिफ्ट, हे डिलीट. झालं. आता आकडा टाक, 'सेट' दाब.

राजनंदिनी : काय केलंत हे? सगळ्या गेल्या, अप्पा!

कल्याण : बघून झाल्यात माझ्या. दोन-दोनदा. आजची न्हाई बघितली. दाब लवकर.

राजनंदिनी : सोळा हजार. सोळा हजार. सेट. घेतलं! ओके. रीस्टार्ट.

हर्षल : उघड लवकर. शेहेचाळीस... मनवा विचारतीये, काय सांगू तिला?

राजनंदिनी : थांब म्हण. गेम उघडतीये. नकाशा आला... चालतेय. गोळीबारात शिरतेय मुद्दाम, मघाशी इथंच बंद पडली होती.

हर्षल : एकोणपन्नास. नंदू?

राजनंदिनी : टिकली! हर्षल, टिकली!

हर्षल : तुझं नाव टाकलं. ये आत. काका, उपकार झाले.

कल्याण : कसले उपकार. बिघडवलं बी मीच. खेळ, नंदू. डाव्या अंगाला ध्यान ठेव तेवढं. तिकडनं आला की तू नेमकी दचकती.

राजनंदिनी : हो.

कल्याण : जातो मी. दार लावून घेतो.

राजनंदिनी : आतनं लावा, अप्पा.