भिंतीभिंतीवर तिचं अक्षर

...आणि आज तर कहरच झाला! व्यायामशाळेच्या दारावर ही भलीमोठी पाटी, 'पोट कमी करा!' तुम्हाला सांगतो, जी बाई जन्मभर "अजून थोडं घ्या, काही होत नाही" म्हणत माझ्या ताटात वाढत राहिली, तिनं हे म्हणावं? भर रस्त्यात? कारण अक्षर तिचं आहे हो!

तिचं म्हणजे आमच्या हिचं. बायको माझी. तुम्ही म्हणाल, म्हातारा चळला. ऐका तर! माझं कुलूप-किल्लीचं दुकान. दुकान केवढं? दार उघडलं की संपलं! आणि नाव केवढं? आजोबा, वडील, थोरले काका, वर 'आणि मंडळी'... एकाला गाळलं असतं तर घरात रणकंदन! रंगारी फळी बघूनच पळाला. मग हिनंच ब्रश उचलला, आणि काय अक्षरं काढली म्हणता! जाडजूड, उंच, चिंचोळी, अंग चोरून एकमेकांना खेटलेली, लग्नाच्या फोटोत नातेवाईक उभे राहतात ना, तश्शी. शिवाय प्रत्येकाच्या टोकाला छोटंसं पाऊल. म्हटलं, हे कशाला? तर म्हणते, "अहो, दिवसभर उभंच राहायचंय त्यांना, पाय टेकायला नकोत?"

ती गेली. मग एक दिवस एक झिपऱ्या आला, कॉम्प्युटरवर अक्षरं बनवणारा. लागला पाटीचे फोटो काढायला. "काका, काय विंटेज कॅरेक्टर आहे हो हिच्यात!" म्हटलं, होतं बाबा, घे काढून. मला वाटलं, फोटो नेईल, भिंतीला लावेल... यानं अख्खी बाराखडी बनवली त्यावरून आणि दिली की बाजारात सोडून! झालं! जिनं उभ्या जन्मात आवाज चढवला नाही, ती आता भिंतीभिंतीवरून ओरडतेय... 'एकावर एक फुकट!' 'रांग मोडू नका!' 'पुरुषांसाठी प्रसाधनगृह!' आता सांगा, मी आत जाऊ तरी कसा? अक्षर तिचं आहे हो!

मुलगा म्हणतो, "बाबा, अभिमान वाटायला हवा तुम्हाला. आई सगळीकडे आहे." अरे, सगळीकडे आहे, पण घरात नाही ना! गावभरची कुलपं उघडली मी, पण संध्याकाळी स्वतःच्या दाराशी उभा राहिलो की वाटतं, आतून कुणीतरी कडी काढावी...

चिडतो खरा. पण दूध आणायला म्हणून निघतो आणि गल्लीबोळ वाचत वाचत जेवायच्या वेळेला परततो. आठवण येते हो. फार येते.

तर आज व्यायामशाळेवरून तणतणत पुढे गेलो, तर गोदामाच्या फाटकावर नवीकोरी पाटी, 'येथे उभे राहू नये.' रंगसुद्धा ओला. मी आपला बघत राहिलो... किती वेळ, देव जाणे. शेवटी पहारेकरी आला तावातावानं, "ओ काका! केव्हाचा बघतोय तुम्हाला. वाचता येत नाही का?"

आता याला काय सांगणार, कपाळ? म्हटलं, "येतं रे बाबा... म्हणून तर उभा आहे."