बिनशेपटीचं डुक्कर

नाव: कागदोपत्री वेगळं, पण आसपास कुणालाही 'पिंजरेवाली' म्हणून विचारा, घर दाखवतील. वय: सत्तेचाळीस. व्यवसाय: शेतात घुसणारी डुकरं पकडून मारण्याचं कंत्राटी काम. राहणार: कालव्याच्या कडेचं शेवटचं घर, मागे कुत्र्यांची जाळी आहे ते.

मी पोलीस ठाण्यात माझ्या पायांनी आले आहे, मला कुणी धरून आणलेलं नाही. साहेबांनी विचारलं ते सांगते आणि न विचारलेलंही सांगते, ते येणेप्रमाणे.

पहिल्यांदा हे लिहून घ्या की दवाखान्यात माझ्यासमोर जो कागद ठेवला त्यावर 'रानटी जनावराच्या हल्ल्यात अपघाती मृत्यू' असं होतं. त्यावर मी सही केलेली नाही. माझ्या नवऱ्याचा मृत्यू अपघात नाही. त्याला माझा सख्खा थोरला भाऊ जबाबदार आहे. त्याला मी दादा म्हणते, म्हणून पुढे तसंच लिहा. नवऱ्याला मी नावाने हाक मारत नाही, तर त्यांच्यासाठी 'हे' लिहा. लिहिणाऱ्या साहेबांनी 'मयत' लिहू का विचारलं. नको म्हटलं.

आमचं काम असं. ही डुकरं मूळची इकडची नाहीत. कुणीतरी हौशी लोकांनी शिकारीसाठी बाहेरून आणून सोडली आणि ती वाढत गेली. रात्रीत उभं शेत नांगरून ठेवतात, विहिरीचं पाणी नासवतात, गाईचं नुकतं जन्मलेलं वासरू सुद्धा खातात. ती संपवायचं कंत्राट या भागात आम्हा तिघांकडे आहे: मी, हे आणि दादा. लोखंडी जाळीचा मोठा पिंजरा उभा करायचा, आत आंबवलेला मका टाकायचा, दार दोरावर वर टांगून खुंटी लावायची. अख्खा कळप आत शिरला की खुंटी ओढायची. दार धाडकन खाली येतं. मग जाळीतून एकेक मारायचं. मेलेल्या प्रत्येक डुकराचं शेपूट कापून सरकारी कचेरीत द्यायचं, शेपटामागे पैसे मिळतात. शेपूट दिलं म्हणजे डुक्कर मेलं, एवढाच त्यांचा पुरावा.

काम ओंगळ आहे. लोक आम्हाला बोलावतात तेव्हा हात जोडतात आणि काम झालं की पाण्याचा पेला लांबून देतात. त्याचं मला काही वाटत नाही. ह्यांना वाटायचं, पण ते थट्टेवारी न्यायचे. डुकरांना 'पाहुणे' म्हणायचे. पाहुणे जेवायला बसले का, असं विचारत पिंजऱ्याकडे जायचे.

आज सकाळी उजाडल्यावर आम्ही तिघं मक्याच्या शेताजवळच्या पिंजऱ्यावर गेलो. आत माद्या आणि पिल्लं मिळून कळप अडकला होता. जाळीला धडका देऊन त्यांची तोंडं रक्तबंबाळ झाली होती. दादाने मारायला सुरुवात केली. एकजण मारतो तेव्हा दुसऱ्याने पाठ राखायची, कारण नर सहसा आत येत नाही, बाहेर घुटमळत राहतो. पाठ राखायला हे होते. मी गाडीतून काडतुसं आणायला वळले होते.

नर मक्यातून आला. मका हललेला मला दिसला, पण ह्यांना हाक मारेपर्यंत तो त्यांच्यावर होता. डुक्कर चावत नाही, खालून वर फाडतं. त्याने डावी मांडी जांघेपर्यंत उघडली. हे पडले. पडल्यावर तो निघून जायला पाहिजे होता, डुक्कर धक्का देऊन पळतं. हा गेला नाही. पुन्हा पुन्हा येत राहिला. पोटात, बरगडीत, मध्ये घातलेल्या हातावर. ह्यांचा हात कोपरापासून उलटा झाला तरी ते त्याचं तोंड दाबून धरत होते.

दादाच्या हातात भरलेली बंदूक होती. त्याने नेम धरला आणि बंदूक खाली घेतली. मधे माणूस होता म्हणून मारलं नाही, असं तो म्हणतो. असेलही. ते तुम्ही त्यालाच विचारा.

मी धावत जाऊन डुकराच्या कानामागे माझ्या बंदुकीचं तोंड टेकवून गोळी घातली. ते ह्यांच्या अंगावरच पडलं. ओढून काढायला मला दोनदा जोर लावावा लागला. ह्यांच्या मांडीतलं रक्त उडत होतं, वाहत नव्हतं. हे काम करणाऱ्याला त्याचा अर्थ कळतो. मी दोन्ही हात आत घालून दाबून बसले. दादाला ओरडून सांगितलं की दवाखान्याची गाडी बोलाव आणि रस्त्यावर जाऊन उभा राहा, त्यांना वाट सापडायची नाही. त्याने फोन केला. रस्त्यावर गेला नाही.

हे शुद्धीवर होते. म्हणाले, "पाहुणा भारीच निघाला गं." मी म्हटलं, "बोलू नका. गप पडून राहा." तर म्हणाले, कुत्री आज आणली नाहीत ते बरं झालं. त्यानंतर ते बोलले नाहीत. गाडी यायच्या आधीच गेले. मी हात काढले नाहीत. गाडीवाल्या पोराने माझे हात धरून बाहेर काढले.

मधे एकदा मी मान वर केली तेव्हा दादा डुकरापाशी होता. गुडघ्यावर बसून मागच्या बाजूने सुरी चालवत होता. माझ्या नवऱ्याचा जीव चाललाय आणि हा डुक्कर सोलतोय, हे बघून माझ्या मनात आलं की बिचाऱ्याचं डोकं फिरलं. अशा वेळी कुणी काय करेल सांगता येत नाही. मला त्याची दया आली. हेही लिहून ठेवा.

ह्यांना गाडीत ठेवल्यावर मीही चढणार होते. पण ह्यांची एक चप्पल पिंजऱ्याजवळ राहिली होती, ती घ्यायला मी परत गेले. चप्पल डुकराच्या अंगाखाली होती. ते उलटं केलं तेव्हा दिसलं की त्याला शेपूट नाही. नुकतं कापलेलं नव्हे. खुंटावर केस उगवले होते. आणि मागच्या पायांच्या मधे जिथे सुरी चालली होती तिथे दादाचं काम अर्धंच झालं होतं, त्यामुळे जुना व्रण शिल्लक होता. तो नर खच्ची केलेला होता.

साहेबांना हे उलगडून सांगावं लागलं, म्हणून इथेही सांगते. रानातलं डुक्कर स्वतःला खच्ची करून घेत नाही. ते कुणीतरी जिवंत धरलं, बांधलं, कापलं आणि परत सोडलं. खच्ची केलेला नर माद्यांच्या मागे हिंडत नाही, नुसता खातो आणि रेड्याएवढा होतो. शहरातून बंदुका घेऊन येणाऱ्या हौशी लोकांना असलाच मोठा पाहिजे असतो, त्याचं डोकं भिंतीवर लावायला, आणि त्याचे ते चांगले पैसे मोजतात. शेपूट कापलं ते कचेरीत गेलं. म्हणजे सरकारी हिशेबात हे जनावर मरून गेलं होतं. मेलेल्या डुकराने माझा नवरा मारला. कचेरीत शेपूट फक्त आम्ही तिघं देतो. मी हे केलेलं नाही, आणि ह्यांना तर कोंबडी कापतानाही तोंड फिरवायची सवय होती.

गाडीवाल्यांना मी पुढे व्हायला सांगितलं. दादा तेव्हा आतली उरलेली मारून, पिंजऱ्याचं दार वर टांगून मेलेल्या माद्या ओढून काढत होता. मी त्याला विचारलं, "याचं शेपूट कुठंय?" तो म्हणाला तुटलं असेल कुठेतरी काटेरी तारेत. मी विचारलं, "आणि बाकीचंही तारेतच तुटलं का?" तेव्हा तो थांबला. मग मला समजावायला लागला, लहानपणी समजवायचा त्याच आवाजात. आईवडील गेल्यावर त्यानेच मला वाढवलं, सुरी धरायला त्यानेच शिकवलं, त्यामुळे तो आवाज मी ओळखते. म्हणाला सगळेच करतात. म्हणाला डुकरं खरंच संपली तर आपण तिघांनी खायचं काय. मी ऐकून घेतलं. इथपर्यंत मी त्याच्या अंगाला हात लावला नव्हता.

मग तो पुन्हा वाकला, मादीचा पाय धरला आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "आता तुझा नवरा मधे आला, त्याला मी काय करू?"

सदर वेळी तो पिंजऱ्याच्या उंबऱ्यावर गुडघे टेकून, उजवा हात आत घालून होता. मी खुंटी ओढली. दार त्याच्या हातावर, कोपराच्या खालच्या बाजूस पडले. इतर लोकांच्या जिवास धोका होऊ नये म्हणून सोडलेल्या जनावरांची माहिती मिळवण्यासाठी मी सदर दार एकूण तीन वेळा त्याच्या हातावर पाडले. प्रत्येक वेळी दोराने वर घेतले व माझा गुडघा त्याच्या पाठीवर होता.

त्याने सांगितलेल्या जागा अशा: वीटभट्टीमागचा खड्डा, तिथे एक, आणि शाळेच्या कुंपणामागचा ओढा, तिथे एक, उजवा सुळा मोडलेला. दोन्ही खच्ची, दोन्ही बिनशेपटीची. हे मी आल्या आल्या सांगितलं आणि साहेबांनी लगेच माणसं पाठवली. शाळा सोडून दिली. ओढ्यातलं मारल्याचा फोन आत्ता, मी सांगत असतानाच आला. दुसऱ्याचा शोध चालू आहे.

दादाचा हात मीच माझ्या ओढणीने बांधला, मीच त्याला आमच्या गाडीत घातलं आणि त्याच दवाखान्यात नेलं. वाटेत तो ओरडत होता. मी गाडी जपून चालवली. डॉक्टर म्हणाले हात कोपरापासून काढावा लागेल.

दवाखान्यात वहिनी भेटली. दादाची बायको. माझं लग्न तिने स्वतःच्या मुलीसारखं केलं होतं. तिने मला बाजूला घेतलं आणि सांगितलं की दादा हाताबद्दल तक्रार करणार नाही, दार निसटलं म्हणून सांगेल, तू फक्त डुकराने मारलं एवढंच म्हण. मग तिने माझे दोन्ही हात धरले. ते अजून धुतलेले नव्हते. म्हणाली, "तुझा तर गेला. माझा तरी राहू दे." ती वाईट बाई नाही. पण तिथून मी सरळ इकडे आले.

डुकराचं मागचं धड मी गोणपाटात गुंडाळून आणलं आहे, ते ठाण्याच्या मागच्या दारात ठेवलं आहे. वास मारतंय म्हणून कुणी फेकून देऊ नका. तेवढाच पुरावा आहे. ह्यांच्या मृत्यूला अपघात म्हणायचं असेल तर आधी ते बघा आणि मग म्हणा. दादावर माणूस मारल्याचा गुन्हा नोंदवावा अशी माझी मागणी आहे. माझ्यावर जो लागतो तो माझ्यावर लावा.

वर लिहिलेलं साहेबांनी मला मोठ्याने, सावकाश वाचून दाखवलं. दाराच्या मजकुराशी मी थांबवलं. 'माहिती मिळवण्यासाठी' हे शब्द माझे नाहीत, ते साहेबांनी घातले आहेत, मी तिथे बोलायची थांबले होते तेव्हा. ते खोडायला सांगितलं. साहेब म्हणाले, बाई, राहू द्या, कोर्टात तेच तुम्हाला तारेल, आणि जीव वाचलेच आहेत की. मी म्हटलं, माझी एक ओळ खोटी निघाली तर शेपटाची ओळही खोटी ठरवतील आणि तो सुटेल. म्हणून दुरुस्ती अशी: दार मी तीनदा पाडलं. किती सोडलीस, कुठे सोडलीस, हे तिसऱ्यांदा पाडल्यावर विचारलं, आणि त्याने लगेच सांगितलं. पहिल्या दोन वेळी मी त्याला काहीच विचारलं नव्हतं. एवढी दुरुस्ती करून बाकी सगळं मी सांगितलं तसंच उतरलं आहे आणि ते खरं आहे.