माणूस चंद्रावर गेला, पण माझ्या दुकानातून जाईना

...आणि हे सगळं माझ्याच दुकानात का, एवढंच मला कोणीतरी सांगा. माझा फोटो स्टुडिओ आहे. लोकांनी यावं, केस विंचरावेत, स्टुलावर बसावं, हनुवटी थोडी वर, हां, हलू नका, झालं, निघावं. इतका साधा धंदा. तर आता स्टुलावरचा माणूस हनुवटी वर करून मलाच विचारतो, ‘तुम्ही फोटोतले जाणकार, सांगा बरं, माणूस खरंच चंद्रावर गेला होता का?’ अहो, तुम्हाला पासपोर्टचा फोटो हवाय ना? तुम्हाला सांगतो, चंद्राशी माझं काही वाकडं नाही. पण त्याने माझ्या दुकानात मुक्काम ठोकू नये.

सुरुवात केली ती शेजारच्या चष्मेवाल्याने. माणूस सज्जन, पण दुपारी गिऱ्हाईक नसलं की मोबाइलवर काहीबाही बघतो आणि ते कोणाच्या तरी कानावर घातल्याशिवाय त्याला चैन पडत नाही. एक दिवस आला, काउंटरवर कोपर टेकलं आणि म्हणाला, ‘सगळं थोतांड आहे. वारा नसताना झेंडा फडकतो कसा? आकाशात एक तारा दिसत नाही. सावल्या बघा, एक इकडे, एक तिकडे. स्टुडिओत काढलेत फोटो.’ मी म्हटलं, असेल बाबा, माझं काय जातंय? तेवढ्यात मागून आवाज आला, ‘गेले होते.’

हा आवाज माझ्या सासऱ्यांचा. आता यात विशेष काय, असं वाटेल तुम्हाला. पण सासूबाई गेल्यावर ते आमच्याकडे राहायला आले, ते बोलणं बंद करूनच. चहा हवा का, तर मान हलवायची. डॉक्टर झाले, औषधं झाली, शेवटी बायको म्हणाली, ‘दुकानात तरी बसवा, माणसं दिसतील.’ म्हणून पडद्याशेजारी खुर्ची टाकली. ते तिथे भिंतीकडे बघत बसायचे आणि मला त्यांच्याकडे बघवायचं नाही. आणि तो माणूस बोलला! तेही कशावरून, तर चंद्रावरून.

‘माझं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं,’ म्हणाले. ‘त्या दिवशी रेडिओ दारात आणून ठेवला होता मी. अख्खा रस्ता ऐकत उभा होता.’ चष्मेवाला म्हणाला, ‘रेडिओवर काय आजोबा, कोणीही काहीही बोलेल.’ झालं. सासरे खुर्चीतून उठले, ते जेवायच्या वेळेपर्यंत खाली बसले नाहीत.

मग रोजचंच सुरू झालं. शिंपी आला, औषधवाला आला, रस्त्यात दोन तट पडले, गेलेवाले आणि न गेलेवाले. फोटो काढून घ्यायला आलेली बाई मध्येच वळून म्हणते, ‘पण मग ते चंद्रावरचे दगड कुठून आणले?’ आणि माझ्या कॅमेऱ्यात तिचा नुसता कान. चंद्राशी माझं काही वाकडं नाही हो, पण कानाचा पासपोर्ट कोण देणार?

म्हटलं, हे मिटवून टाकू. हीच माझी चूक. टेबलावर रेती पसरली, मुद्दाम उंचसखल केली, दोन बाटल्या उभ्या केल्या, खोलीत अंधार करून एकच दिवा लावला. पडल्या सावल्या, एक इकडे, एक तिकडे. मग शिंप्याला पांढरा शर्ट घालून झगझगीत उजेडात उभं केलं, मागे बारीक दिव्यांची माळ. फोटोत शर्ट लख्ख आणि माळेतला एक दिवा दिसेल तर शपथ. चष्मेवाल्याने तीन चष्मे बदलून पाहिलं आणि हात जोडले. ‘चुकलो, आजोबा. गेले होते.’ लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि मी असा काही हसलो, जणू मीच जाऊन आलो होतो.

दुसऱ्या दिवशी दुकानात शांतता. सासरे खुर्चीत, तोंड भिंतीकडे. तिसऱ्या दिवशी तेच. ताटात भात तसाच. बायको मला म्हणाली, ‘बोलत होते ना, तुम्हाला काय अडचण होती?’ काय सांगू तिला? कान सांगू?

गेलो चष्मेवाल्याकडे. म्हटलं, जरा पुन्हा नाही म्हण ना. तर तो म्हणतो, ‘डोळ्यांनी पाहिलेलं नाही कसं म्हणू? चष्मे विकतो मी.’ एरवी जगातल्या कुठल्याही थापेवर विश्वास ठेवणारा माणूस, आणि नेमका आत्ता प्रामाणिक झाला.

मग राहिलं कोण? मी. खुर्चीजवळ गेलो, घसा साफ केला आणि म्हटलं, ‘बाबा, तरीही मला नाही वाटत गेले असतील.’ त्यांनी मान वळवली. मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. ‘जावईबापू, दिवा तुम्हीच लावला होता ना?’ म्हटलं, लावला, पण पटलं नाही. मग जे सुरू झाले... रेडिओ, दार, रस्ता. आणि त्या दिवशी पहिल्यांदाच म्हणाले, ‘पोरीची आई केस पुसत बाहेर आली. सगळे टाळ्या वाजवत होते आणि ती मला हळूच विचारते, गेले ते ठीक, पण परत येतील ना नीट?’

वर घराकडे जाणाऱ्या जिन्यात माझी बायको उभी होती. आईची ही गोष्ट तिने कधी ऐकलीच नव्हती. ती तिथेच पायरीवर बसली.

तेव्हापासून मी रोज नाही म्हणतो. रोज सासूबाईंचं काहीतरी नवीन निघतं. चंद्राशी माझं काही वाकडं नाही, पण रस्त्यात आता न गेलेवाला मी एकटाच. चष्मेवाला गिऱ्हाइकांना बोट दाखवून सांगतो, ‘स्वतः सिद्ध केलं आणि स्वतःलाच कळलं नाही.’ घरी सासरे मुलीला म्हणतात, ‘लग्नाआधी नीट चौकशी करायला हवी होती आपण.’ आणि भात मागून घेतात.

काल मात्र जेवताना म्हणाले, ‘जाऊ दे. तुम्हाला नाही कळायचं. बोलण्यात अर्थ नाही.’ आणि गप्प झाले. बायकोने माझ्याकडे पाहिलं. हातातला घास तसाच ठेवला मी. काय करणार, सांगा. म्हटलं, ‘बाबा, चंद्राचं सोडा. पण पृथ्वी तरी गोल आहे कशावरून?’