बिनबिल्ल्याचा बोकड

नाई नाई मॅडम, तो आवाज शेजारचा — सूर्यभानच्या गोठ्यातला, भितीले भित लागून हाय ना, म्हून वाटते आपल्याच घरातून आला — तुमी बसा. बाज मजबूत हाय. जीपवाला हॉर्न वाजवते त वाजवू द्या त्याले. तीन वर्सं झाली, दर महिन्याले तुमी अकोल्याहून येता, माह्या बकऱ्यायचं रगत नेता, झोळीत टांगून वजनं करता, अन् आज उभ्या उभ्या सांगून राहिल्या का गयासुद्दीन, तुमचं गाव यादीतून काटलं? असं कसं काटता? पैल्या दिवशी तुमीच सांगतलं होतं, याच अंगनात — आपल्या वऱ्हाडातली ही बकरी, इची जात इथंच सुदरवाची, कोनत्या बोकडाचे पिल्लं लवकर भरते ते वजनातून अन् रगतातून पाहाचं अन् त्याचंच बी धराचं. मले समजलं होतं ते. माह्या बापाले शायेत न जाता समजत होतं.

अन् आता तुमचा कागद म्हनते का इथचा बोकड वर्साचा झाला तरी बावीस किलोच्या वर जात नाई, रगतातच दम नाई, म्हून पुढच्या हप्त्यात बाहेरचे बोकड येईन. येईन. मांगं गायी वाटल्या होत्या ना, त्या बी बाहेरच्याच — ह्या एवढ्या धिप्पाड, लोकायनं हार घातले त्यायले — अन् वैशाखात जिभा बाहेर काढून पडल्या. सूर्यभानची त पंख्याखाली मेली. घरात पोराले पंखा नाई, गाईले लावला, तरी मेली. आमची बकरी तशा उन्हात बाभूयच्या शेंगा खाते अन् जोडीनं पिल्लं देते. कपाशीनं तीन सालं दगा देल्ला, बैल गेले, तवा ह्याच बकऱ्यायवर घर चाललं, मॅडम. एकदा का बाहेरचं रगत शिरलं त मांगून काढता येते का? तुमी शिकल्या हा, तुमीच सांगा. नाई येत. मले माईत हाय नाई येत.

बावीस किलो. खोटं नाई ते. माही सून निखत, तिनंच लिवलं, काट्यानं दाखवलं तेच लिवलं, पोरगी एक पाव इकडचं तिकडं करत नाई. पन काट्यावर कोनतं जनावर आनलं — नाई, काई नाई. असंच बोल्लो. पानी घ्या.

अशा पाहू नका माह्याकडे.

बरं, सांगतो. तुमी बिल्ला मारता ना कानात, पक्कडीनं — भोक पडते कानाले. आता ईद आली पंधरा दिवसावर. कुर्बानीले जनावर बेदाग पायजे, शिंग तुटलेलं नको, कान फाटलेला नको. मौलाना म्हनते एवढुशा भोकानं काई होत नाई, पन परतवाड्याच्या बाजारात गिऱ्हाईक पैले कान पाहते, मंग दात पाहते. अन् मले सोतालेच नाई पटत. अल्लाच्या नावानं द्याचं त आपल्या घरातलं सगळ्यात चांगलं द्याचं, भोक पाडलेलं कसं देऊ? म्हून जो बोकड चांगल्या अंगाचा दिसला तो तुमी यायच्या दिवशी आतल्या खोलीत. अन् बाकीचे — पाय वाकडे, पोट खपाटीले — ते बिल्ल्याले पुढं. मी एकलाच नाई हो, सारं गाव. सूर्यभानच्या घरी देवीच्या नवसाचा राहते, त्याले बी कानाले भोक चालत नाई. तीन वर्सं तुमी आमचा निवडून टाकलेला मालच मोजला, मॅडम. आमाले वाटलं, मोजून मोजून काय मोजन, कागदच त हाय. त्या कागदानं गावाचं बी ठरते हे मले आज समजलं, तुमी उठून उभ्या राहिल्या तवा.

होय. तो आवाज आमच्याच घरातला. थांबा, जाऊ नका, दोन मिनिटं — निखत, दार खोल, आन त्याले बाहेर. लाज काहाची आता. पाहा. पाहा मॅडम, चौदा महिन्याचा हाय, दात पाहा त्याचे, खुदाची कसम एक दिवस जास्त नाई. लावा झोळी. लावा म्हनतो ना. मी उचलतो मांगून — किती? अठ्ठेचाळीस. निखत, मोठ्यानं वाच. अठ्ठेचाळीस. कुठं गेला तुमचा बावीसचा कागद? ह्याले म्हनते वऱ्हाडचं रगत. मारा बिल्ला. होय, मीच म्हनतो, मारा, कुर्बानीची नियत केली होती ह्याची, पन अल्ला समजून घेईन, दुसरा देईन मी, विकत आनून देईन. ह्याले न्या अकोल्याले, ह्याचं बी घ्या, साऱ्या तालुक्याच्या बकऱ्यायले ह्याचेच पिल्लं होऊ द्या. मी कान धरतो. कोनता कान पायजे, डावा?

मॅडम. कान इकडे हाय. मांगून काय पाहून राहिल्या?

...

हां.

तीन महिन्याचा होता तवा. डोमाजीनं केलं, तोच करते साऱ्या गावाचे. खच्ची केल्याबिगर अंग धरत नाई ना बोकड, वास मारते, हिंडत राहते. कुर्बानीले चालते तसा. म्हून जो चांगला दिसला त्याले पैले डोमाजीकडे नेतो. मांगच्या सालचा बी. त्याच्या मांगचा बी. माहा बाप बी हेच करत होता. सूर्यभानचा? तो मांगच्या महिन्यात देवीले गेला. दुसरा कोनाकडे? नाई. हाय त सगळे असेच.

मंग बकऱ्यायवर फिरत राहिले कोन? तेच. वाकड्या पायाचे. ज्यायच्यावर हात फिरवाले आमाले वेळ नोता, त्यायले कोनी हातच नाई लावला, बी त्यायचंच पडलं. दरसाल. तुमी बिल्ला मारला तेच आमच्या पिल्लायचे बाप निंगाले, मॅडम. कागद खराच हाय तुमचा.

याची माय? ते काय, बाभूयखाली बांधली. अजून दोन-तीन वेत देईन ते. पन तिच्या जोडीचा, खच्ची न केलेला एक बोकड मले गावात दाखवा, मंग बोला.

काई बोलू नका. लिवा काय लिवाचं ते. जीप उभी हाय तुमची, जा.