दुपट्यासकट वजन

जन्म माझा घाटकोपरचाच, असल्फ्याच्या डोंगरावर, एका खोलीत, सुईणीच्या हातून, आणि माझं वजन त्या दिवशी कुणी केलंच नाही, म्हणजे बघा ताई, ज्या माणसानं पुढं आयुष्यभर दुसऱ्यांची वजनं खरी की खोटी ते ठरवलं, त्याचं स्वतःचं पहिलं वजन कुठंच लिहिलेलं नाही. आई म्हणायची, नारळायेवढो होतंस. सोललेला नारळ की न सोललेला, ते तिनं कधी सांगितलं नाही. आम्ही मूळचे कुडाळकडचे. बाबा मुंबईत आले ते वजनकाटे दुरुस्त करायच्या दुकानात लागले, पुढं तेच दुकान त्यांनी चालवलं आणि त्यांच्यामागून मी. वाण्याचे काटे, भाजीवाल्याचे, भंगारवाल्याचे, मासळी बाजारातले. नाव माझं दत्ताराम, पण स्टेशनपासून डोंगरापर्यंत कुणालाही विचारा, दत्ता काटेवाला.

या धंद्यात पहिली गोष्ट शिकतो ती म्हणजे काट्यावर विश्वास ठेवायचा नाही. गिऱ्हाईक म्हणतं माल कमी आला, दुकानदार म्हणतो बरोबर आहे, मी पिशवीतून पितळी वजन काढून काट्यावर ठेवतो आणि दोघांनाही गप्प करतो. फार वाईट सवय आहे ही. माणसाला वाटायला लागतं की जगातलं कुठलंही भांडण पितळी वजन ठेवलं की मिटतं. घरातसुद्धा मी तसाच. आईनं साखर आणली की मी ती परत तोलायचो, आई कपाळाला हात लावायची.

लग्न उशिरा झालं. बायको निशा, मुलुंडची, माझ्यापेक्षा शिकलेली आणि माझ्यापेक्षा कमी बोलणारी, म्हणजे दोन्ही बाजूंनी तिचंच पारडं जड. मूल राहायचं आणि जायचं. दोनदा झालं तसं. ते मी जास्त सांगत नाही, तुम्ही पण जास्त लिहू नका. तिसऱ्या वेळेला सई झाली, दिवस पुरे व्हायच्या आधीच, सिझर करून, दोन किलो चारशे. इस्पितळाचं नाव घेणार नाही, तिथल्या लोकांची काही चूक नव्हती, चूक कुणाची ते आता ऐकालच.

तिसऱ्या दिवशी वॉर्डातल्या पाटकर सिस्टरनी तिला उघडी करून काट्यावर ठेवली, दोन किलो एकशे चाळीस. सिस्टर म्हणाल्या, पहिल्या दिवसांत सगळ्याच बाळांचं वजन थोडं उतरतं, त्याला घाबरायचं नाही, पण हिचं जरा जास्त उतरलंय, लवकर आलेली आहे, दूध ओढायला ताकद नाही, तेव्हा दर दोन तासांनी उठवून पाजायचं, ओढलं नाही तर दूध काढून वाटी-चमच्यानं द्यायचं, आणि बाकीचा वेळ आईच्या उघड्या छातीवर ठेवायचं, अंगाला अंग लावून, त्यानं ऊब राहते, दूधही येतं. निशानं मान हलवली. आता इथं शहाण्या माणसानं काय केलं असतं, तर त्यानंही मान हलवली असती. मी विचारलं, सिस्टर, जन्माला आली तेव्हा याच काट्यावर तोलली होती का. त्या म्हणाल्या, नाही हो, तो लेबर रूमचा काटा. झालं. माझ्या डोक्यात घंटा वाजली. दोन काटे म्हणजे दोन साक्षीदार, त्यांची जबानी जुळणार कशी?

दुकानात गेलो, वजनांची पेटी घेऊन आलो. वॉर्डात सगळ्या बायकांसमोर काट्याचं ते पाळण्यासारखं भांडं साफ पुसलं, दोन किलोचं पितळी वजन ठेवलं, काटा दाखवतो एक किलो नऊशे ऐंशी. वीस ग्रॅम खोटा! काय सांगू तुम्हाला, मासळी बाजारात चोर पकडल्यावर होत नाही एवढा आनंद मला झाला. बाकीच्या पोरांचे बाप गोळा झाले, भाऊ आमचं पण बघा, आमचं पण वीस कमी लिहिलंय. मी एखाद्या पुढाऱ्यासारखा उभा. सिस्टर एवढंच म्हणाल्या, वीस ग्रॅम तुमचे, मान्य, मी काटा बदलून मागते, पण बाकीचे दोनशे चाळीस कुठं गेले? मी म्हटलं, जो वीस खातो तो दोनशे पण खाईल. लोक हसले. निशा हसली नाही.

त्याच दिवशी मी सही करून दोघींना घरी घेऊन आलो. डॉक्टर थांबा म्हणत होते, अजून दोन दिवस थांबा. मी म्हटलं, ज्या घरचा काटा खोटा तिथं थांबायचं कशाला. हे वाक्य मला त्या दिवशी फार आवडलं होतं.

घरी आणल्यावर आधी दुकानातला माझा काटा मागवला, मीच लावलेला, शिक्का मारलेला, त्यावर सईला ठेवली आणि आकडा आला दोन किलो चारशे तीस. चाळीतल्या सगळ्यांना बोलावून दाखवला. पेढे वाटले. ताई, ती काट्यावर होती तेव्हा तिच्या अंगात झबलं होतं, लंगोट होता, डोक्याला टोपरं, आणि वरून आईनं शिवलेलं जाड दुपटं. इलेक्ट्रॉनिक काट्याला एक बटण असतं, टेअर म्हणतात, आधी रिकामं भांडं ठेवून ते दाबायचं म्हणजे भांड्याचं वजन वजा होतं, कपड्यांचंही तसंच करता येतं. वाण्याच्या पोराला मी पहिल्या दिवशी तेच शिकवतो. ही गोष्ट मी नाक्यावर चहा पिताना किती वेळा सांगितली असेल, की अख्ख्या घाटकोपरचा काटेवाला स्वतःच्या पोरीचं वजन करताना टेअर मारायला विसरला, आणि लोक पोट धरून हसतात, मीही हसतो. ते लक्षात ठेवा, मी परत येतो त्याच्यावर.

मग सई झोपली. फार झोपायची. निशा म्हणायची, उठवूया, दोन तास झाले. मी म्हणायचो, आकडा बघितलास ना, पोट भरलेलं आहे म्हणून झोपलीय. आई म्हणायची, निजलेल्या पोराक उठवू नये. अंगाला अंग लावायचं तेही राहिलं, निशाला टाके दुखत होते, ताप चढत होता, आणि मी म्हटलं एवढं जाड दुपटं आहे, आणखी ऊब कसली. शेजारपाजारच्या बायका म्हणायच्या, किती शांत बाळ, नशीब काढलंस. दोन दिवस आमचं नशीब असं शांत पडून होतं.

पाचव्या दिवशी सकाळी निशानं माझ्याकडे न बघता सईचं दुपटं सोडलं, झबलं काढलं, टोपरं काढलं. पोर पिवळी, हळदीसारखी, डोळ्यांतलं पांढरंसुद्धा. तळपाय गार. चिमटा काढला तरी रडेना, नुसतं तोंड वाकडं केलं. निशानं तिला तशीच उघडी माझ्या काट्यावर ठेवली. एक किलो नऊशे नव्वद. मी दोनदा वाचलं. मग माझी आई माझ्याकडे बघून म्हणाली, तुका काटो कळता, पोर कळना नाय.

रिक्षात निशानं तिला पदराखाली छातीशी धरलं, मी बाजूला वजनांच्या पेटीसारखा. पाटकर सिस्टर दारातच भेटल्या. मला वाटलं आता बोलतील, बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी बाळ घेतलं आणि पळाल्या. काविळीसाठी निळ्या दिव्याखाली ठेवली, नाकातून नळी, त्यातून दूध. कावीळ फार वर गेली होती. डॉक्टर म्हणाले, वेळेत उतरली तर ठीक. उतरली नाही तर काय, ते मी विचारलं नाही. इतकी वर्षं प्रत्येक काट्याला प्रश्न विचारणारा मी, तेवढा एक विचारला नाही.

कावीळ उतरली, दिव्याखालून बाहेर काढली, तर निशाचे टाके चिघळलेले, तापानं फणफणलेली. सिस्टर म्हणाल्या, बाप कुठाय, शर्ट काढा. मी म्हटलं, मी? त्या म्हणाल्या, दुसरा कोण बाप आहे का हिचा? आतला बनियन भोकाभोकांचा, वॉर्डात सगळ्या बायका, कुणीतरी खुदकन हसलं, एक आजी म्हणाली, अगं बाई, अस्वलाच्या अंगावर चिमणी. लंगोट आणि टोपरं तेवढं ठेवून सिस्टरनी तिला माझ्या छातीवर उभी चिकटवली, बेडकासारखी, साडीच्या पट्ट्यानं बांधली, मान एका बाजूला वळवून ठेवली आणि म्हणाल्या, तिचा श्वास बघत राहा, आणि काट्याकडे फिरकायचं नाही, काटा आमचा, तुम्ही आता नुसती गादी.

तसा बसलो. किती दिवस ते निशाला विचारा. पहिल्या दिवशी छातीवर काही आहे असं वाटतच नव्हतं, ताई, त्याचीच भीती वाटायची. माझ्या हाताला पाव किलोचा फरक डोळे मिटून कळतो, आणि माझी पोर छातीवर आहे ते मला कळत नव्हतं. नुसती ऊब लागायची, ती तिची की माझी तेही कळेना. सिस्टर रोज सकाळी तिला घेऊन जायच्या, परत आणून बांधायच्या आणि जाता जाता सांगायच्या, दहा वाढले. दुसऱ्या दिवशी, काही नाही. मग एका दिवशी म्हणाल्या, वीस. वीस म्हणताना त्या थांबल्या, माझ्याकडे बघितलं, आणि मला, काय सांगू, त्या अस्वलाला रडू फुटलं. ज्या वीस ग्रॅमसाठी मी वॉर्ड डोक्यावर घेतला होता तेच वीस ग्रॅम कुणी प्रसादासारखे हातावर ठेवत होतं.

वाचली. घरी आली. वर्षाची होत आली तेव्हा मोरीत आईच्या हातून पितळेचा हंडा पडला, मी दचकलो, मांजर पळालं, सई खेळत राहिली. तपासण्या झाल्या. कानाच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, त्या काविळीमुळं असेल, लवकर जन्मल्यामुळंही असेल, नक्की सांगता येत नाही. सांगता येत नाही म्हणाल्या, हा त्यांचा चांगुलपणा, पण मला त्याचा आधार होत नाही. ज्याचं वजन करता येत नाही असं काहीतरी माझ्या डोक्यावर ठेवून दिलं त्यांनी.

आता ते टेअरचं. मी विसरलो नव्हतो, ताई. नाक्यावर सांगतो ती गोष्ट खोटी आहे. सईला काट्यावर ठेवताना निशा म्हणाली होती, दुपटं काढा ना. मी म्हटलं, थंडी लागेल तिला. दुपट्याचं वजन वजा करायला बटणावर माझं बोट गेलं होतं आणि मी ते मागं घेतलं, कारण मला तो आकडा हवा होता. दोन वेळा हात रिकामे राहिलेल्या घरात मला दोन किलो चारशे हवं होतं, आणि मी ते करून घेतलं, बाजारातला कुठलाही खोटा दुकानदार करतो तसं. निशा तिथंच उभी होती, तिनं बघितलं. तिनं मला आजवर एका शब्दानं बोल लावला नाही. दुकानदाराला निदान दंड होतो.

दर वर्षी त्या वॉर्डातले काटे मी तपासून देतो. पाटकर सिस्टर निवृत्त झाल्या, नव्या सिस्टर चहा देतात. नवीन बाप दिसला की मी सांगतो, बाबा रे, काट्याशी भांडू नकोस, शर्ट काढ. ते हसतात. हसोत. त्यांची लेकरं सुखी राहोत, वजनानं नाही वाढली तरी आवाजानं घर डोक्यावर घेवोत.

सई आता नऊ वर्षांची आहे. दोन्ही कानांत मशीन, शाळेत जाते, बोलते, थोडं नाकातून, पण तोंडाळ आहे, माझ्यावर गेली. शाळेतून आली की मशीन काढून डबीत ठेवते आणि माझ्या छातीवर कान टेकून पडते. जड झालीय, किती ते मी तोललं नाही. मशीन काढल्यावर तिला शब्द कळत नाहीत, पण छातीत घुमतं ते लागतं, म्हणून मी बोलत राहायचं, थांबलो की चापट मारते, बोल ना. काय बोलणार रोज? परवा हेच सगळं बोललो, आत्ता तुम्हाला सांगितलं ते, दुपट्यासकट. तिनं शेवटपर्यंत कान टेकून घेतलं. मग मान वर करून म्हणाली, बाबा, गुदगुल्या होतात, अजून बोल.