वळणारं विमान

ललिता : पण त्यासाठी माझं लाटणंच सापडलं का तुम्हाला?

जगदीश : पाइपवर करून बघितलं. फोम बोर्डावरचा कागद चिरतो. लाटण्यावर बोर्ड असा हळूहळू दाबत नेला की पंखाला पाहिजे तसा बाक येतो. हे बघ.

ललिता : बघितलं. आता मी पोळ्या कशानं लाटू?

अरशद : काकू, आज भाकरी करा ना. कळण्याची. मीपण जेवूनच जातो.

ललिता : तू गप रे अरशद. हे खूळ तूच घातलंस यांच्या डोक्यात. बॅनरचं दुकान सोडून माझ्या हॉलमध्ये पसारा मांडून बसलायस. काल वरणात फोमचा तुकडा निघाला, माहितीये?

अरशद : मग काय करू? काका रोज ऑफिस सुटलं की दुकानात येऊन बसायचे. एक शब्द बोलायचे नाहीत. उरलेल्या फोम बोर्डांचा ढीग बघत बसायचे. मी म्हटलं, चला, विमान करू. माझं काही चुकलं का?

ललिता : चुकलं म्हटलं का मी? जेवायला थांब.

जगदीश : ग्लू गन गरम झाली का रे?

अरशद : झाली. पण काका, ग्लू कमी. एकदम कमी. मागच्या विमानाला तुम्ही गिलावा केला होता.

जगदीश : मागचं काढू नकोस.

अरशद : काढणारच! समोर हलका फोम बोर्ड पडला होता आणि तुम्ही नेमका जड सनबोर्ड उचलला. दुकानाच्या पाट्या करतो आम्ही त्याच्या. मी गिऱ्हाईकाकडे जाऊन येतो तर तुम्ही कापूनसुद्धा मोकळे!

जगदीश : अरे, जन्मभर मालगाडी ओढली मी. आमच्याकडे इंजिन जड असलं की रुळाला धरून ओढतं. हलक्या इंजिनाची चाकं जागच्या जागी गरगर फिरतात. मला वाटलं, इथंही तसंच असणार.

ललिता : आणि हातातून सुटल्या सुटल्या नाकावर आपटलं. मग आठवडाभर तोंडाला कुलूप. मीच भिंतींशी बोलायचे.

जगदीश : झालं तुमचं? धर ते शेपूट सरळ.

अरशद : धरलं. हां, मस्त. आता पंखावर रबर चढवा. कुठं आपटलं तर नुसता पंख निखळेल, विमान वाचेल. आता पंखाखाली दोन्हीकडून एकेक बोट लावून उचला. पुढच्या कडेपासून थोडं मागं. काय होतंय?

जगदीश : शेपटी खाली चाललीये.

अरशद : मग बॅटरी नाकाकडे सरकवा. अजून थोडी. शेपटी जड राहिली तर हवेत आवरणार नाही.

जगदीश : आता बरोबर राहिलं. नाक किंचित खाली.

अरशद : तेच पाहिजे! लावा वायर. काकू, विमानाच्या पंख्यासमोरून बाजूला व्हा. काका, रिमोट घ्या, आता डाव्या अंगठ्यानं पॉवर द्या.

जगदीश : एक नॉच देतो.

अरशद : इथं तुमच्या इंजिनासारखे नॉच नाहीत. अंगठा वर, पॉवर वर.

ललिता : अगं बाई! सगळा फोमचा भुसा उडवलात की माझ्या अंगावर! केवढा जोर आहे त्याला!

अरशद : काका, एकसारखी द्या ना. आवाज खालीवर होतोय.

जगदीश : मी नाही करत. अंगठाच तसा होतोय.

ललिता : असू दे. बंद करा. आजच्यापुरतं बास.

जगदीश : अरशद, उद्या तूच उडव. मी लांबून बघेन. एवढं देखणं झालंय, माझ्या हातून पडायला नको.

अरशद : पण काका, केलं तुम्ही ना?

जगदीश : केलं मी, उडव तू. हात धुऊन येतो. सगळे चिकट झालेत.

अरशद : काकू, काकांना नेमकं झालं काय होतं? डेपोतले लोक अर्धवट सांगतात.

ललिता : अर्धवटच सांगणार. कुणाच्या तोंडून निघत नाही ते. संध्याकाळची मालगाडी होती, भरलेली. एक म्हातारा रूळ ओलांडत होता. कानानं बहिरा. यांनी हॉर्न दिला, ब्रेक मारला. भरलेली गाडी काय सायकल आहे का, थांब म्हटलं की थांबायला? थांबली तेव्हा सगळं होऊन गेलं होतं.

अरशद : या अल्लाह.

ललिता : चौकशी झाली. चूक यांची नाही, असंच सगळ्यांनी सांगितलं. पण तेव्हापासून चालतं काही हातात धरलं की हात थरथरतो. लाइन सोडली, ऑफिसात खुर्ची घेतली. स्कूटरला हात लावत नाहीत. मी चालवते, हे मागं बसतात. आणि झोपेत उजवा हात असा फिरवतात, काहीतरी वळवल्यासारखा. एकदा उठवून विचारलं, काय करताय हो? तर म्हणाले, वळवत होतो. आता तूच सांग, इंजिनाला कुठं वळवायचं असतं काही?

अरशद : मग ठरलं. उद्या काकाच उडवणार.

ललिता : आणि पडलं म्हणजे?

अरशद : पडलं तर दुसरं करू. फोम कितीतरी पडलाय माझ्याकडे.

ललिता : फोम पडलाय रे तुझ्याकडे. माझ्याकडे हे एकच आहेत. मागचं पडलं तेव्हा मी यांना कसं सावरलं, मला माहीत. हे पडलं तर परत बोलतील की नाही, मला भीती वाटते.

अरशद : मग मीच उडवू?

ललिता : … नको. त्यांनाच दे. असं बघत बसलेले मला बघवत नाहीत आता.

(दुसऱ्या दिवशी सकाळी, वारा उठायच्या आधी. भुसावळच्या बाहेर, फैजपूर रस्त्याला, कापूस निघून मोकळं झालेलं शेत. एका बाजूला केळीची बाग.)

जगदीश : ही जागा बरी आहे. गाडीचा आवाज येत नाही इथं.

अरशद : माझ्या मित्राचं, हेमराजचं शेत आहे, त्याला विचारलंय. घ्या रिमोट.

जगदीश : मी काल काय सांगितलं तुला?

अरशद : विमान फेकायला कुणी पाहिजे ना? मी फेकणार. मग रिमोट कोण धरेल? काकू?

ललिता : मी धरते, पण मग ते थेट केळीत जाईल. नंतर मला बोलायचं नाही.

जगदीश : दोघांनी मिळून ठरवलंय होय? बरं. पण ललिता, तू माझ्याशेजारी उभी राहा. मी बोललो की तू तेच मोठ्यानं परत बोलायचं. लाइनवर आम्ही सिग्नल असाच बोलतो, मी आणि असिस्टंट. एकट्याच्या डोळ्यावर गाडी चालवायची नसते.

ललिता : बोला.

जगदीश : शेपूट डावीकडे.

ललिता : शेपूट डावीकडे.

जगदीश : शेपूट उजवीकडे.

ललिता : उजवीकडे. अय्या, खरंच हलतं!

जगदीश : जादा बोलायचं नाही. समोर मोकळं.

ललिता : समोर मोकळं.

जगदीश : ऑल राइट. सोड रे!

अरशद : पॉवर द्या… अजून… हे घ्या!

ललिता : गेलं! अहो, गेलं! पडेना की हो ते!

अरशद : काका, नाक जास्त वर नको. हां. आता हळूच डावीकडे. अंगठा सोडा. बघा, आपोआप सरळ झालं! काका, तुम्ही उडवताय!

जगदीश : गप रे, गप. मला बोलायला लावू नका.

ललिता : हसताय तुम्ही.

जगदीश : हसत नाही. ऊन आहे डोळ्यावर.

अरशद : आता परत आणा आपल्याकडे. थोडं खालून येऊ द्या, म्हणजे नीट दिसेल. वा! काय येतंय!

ललिता : समोर माणूस!

जगदीश : काय?

ललिता : बाई आली केळीतून! डोक्यावर कापसाच्या पऱ्हाट्यांचा भारा आहे, तिला दिसत नाहीये! अहो, समोर बाई!

अरशद : काका, पॉवर का काढली? काका! खाली येतंय ते! पॉवर द्या!

जगदीश : हॉर्न… याचा हॉर्न कुठंय…

अरशद : हॉर्न नाही त्याला! वळवा!

जगदीश : थांबत नाहीये गं…

ललिता : अहो, थांबवू नका! वळवा! हे वळतं! वळवा ना!

अरशद : हां! वळलं! वळलं! आता पॉवर! पूर्ण! वर घ्या… हां, हां, हां. गेलं. बाजूनं गेलं. सुटलो रे बाबा.

जगदीश : ती बाई?

ललिता : चाललीये.

जगदीश : नीट बघ.

ललिता : नीटच बघतेय. भारा सावरला आणि चालली. तिला कळलंसुद्धा नाही.

जगदीश : चाललीये?

ललिता : चाललीये हो. ती बघा, बांधावर पोचली. आपल्याकडे भाजी घेऊन येतात त्या वच्छलाबाईच आहेत, चालीवरून ओळखलं मी.

जगदीश : मी अंगठा एवढासा सरकवला आणि ते वळलं, ललिता.

ललिता : हो.

जगदीश : तिथं काही वळवायला नव्हतंच गं. हातात होतं ते सगळं केलं मी. पण वळवायला काही नव्हतं.

ललिता : नव्हतंच. कुणाच्याच हातात नसतं तिथं.

जगदीश : सगळे सांगत होते. मलाही माहीत होतं. पण हाताला पटत नव्हतं. म्हाताऱ्यानं शेवटी माझ्याकडे बघितलं होतं.

ललिता : रडा. खुशाल रडा. किती दिवस वाट बघतेय मी. अरशद, तू तिकडं तोंड कर.

अरशद : मी करतो काकू, पण विमान वर आहे अजून! काका, बॅटरी संपत आली!

जगदीश : अरे! कुठंय?

ललिता : बाभळीच्या वर! डोळे पुसा आधी, काय दिसणार तुम्हाला?

अरशद : आणा इकडं. असं. सरळ. आता पॉवर काढा. आता काढायची असते.

जगदीश : काढली.

अरशद : अजून सगळी. येऊ द्या त्याच्या त्याच्यानं. जरा नाक वर… टेकलं! काका, टेकलं! नाकाला ढेकूळ लागलं असेल, बाकी एकदम पास!

ललिता : देवा, माझ्या जिवात जीव आला. दाखवा हात.

जगदीश : थरथरतोय अजून.

ललिता : थरथरू दे. या थरथरत्या हातानंच वळवलंत ना? मला असाच चालतो.

अरशद : पंख निखळलाय फक्त. रबर चढवलं की झालं. पुढच्या रविवारी परत?

जगदीश : रविवारपर्यंत कशाला थांबायचं? पण आधी अंगठ्याजवळ एक हॉर्न बसव.

अरशद : काका!

जगदीश : गंमत केली रे.

ललिता : गंमत केली! ऐकलंस अरशद, गंमत केली यांनी! चल, आज तुला कळण्याची भाकरी, ठेचा, वांग्याचं भरीत, काय म्हणशील ते.

अरशद : मी दुकान उघडून येतो. तुम्ही निघा पुढं.

ललिता : चला हो, ऊन चढलं. मागं बसा आणि विमान मांडीवर धरा, येताना धरलं तसं.

जगदीश : विमान तू धर.

ललिता : आणि स्कूटर?

जगदीश : किल्ली दे.

ललिता : … नक्की?

जगदीश : हळू नेईन. तू मागून बोलत राहा.

ललिता : समोर मोकळं.

जगदीश : समोर मोकळं.