ऊठ बबुनी

तुम्ही माझी रिंकी पाहिली नाही, म्हणून सांगते. रोह्याच्या कंपनीतल्या एका बिहारी कामगाराची ही मुलगी माझ्या तिसरीत होती. वर्गात तोंडच उघडेना. शेवटी वडील आले. "मॅडम, इसको गाँव भेज देता हूँ."

म्हटलं, "सोमवारपर्यंत थांबा."

मग मी मुलांना विचारलं, सकाळी आई काय म्हणून उठवते?

मनाली म्हणाली, "ऊठ गो, उन्हं आली."

रिंकी हळूच तिच्या भोजपुरीत म्हणाली, "उठ बबुनी, भोर भइल." म्हणजे ऊठ बाळे, पहाट झाली.

पोरांना ते फार आवडलं, रोज एकमेकांना तेच म्हणायला लागली.

सोमवारी वडील दाखला न्यायला आले, तेव्हा रिंकी मनालीला शिकवत होती, "बोर नाय गो, भोर बोल."

वडील दारातच थांबले. "रहने दीजिए," म्हणाले आणि शिफ्टला गेले.